परभणीचं ऊन कोणी मोजलं?

परभणीत सकाळचे सात वाजतात ते घड्याळात सात वाजून तेवीस मिनिटं झाल्यावर. भारताची प्रमाण वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, परभणी ७६ अंश ४७ कलांवर. मधल्या पावणेसहा अंशांचं अंतर कापायला सूर्याला तेवीस मिनिटं लागतात. शेतीच्या हवामान वेधशाळांमधल्या नोंदी स्थानिक सात आणि स्थानिक दोनला घ्यायच्या असा दंडक आहे. पिकाला आकाशवाणीचं घड्याळ ठाऊक नसतं, डोक्यावरचा सूर्य ठाऊक असतो. म्हणून आमच्याकडं रजिस्टर घेऊन निघायची वेळ सकाळी ७.२३ आणि दुपारी २.२३.

सत्तरच्या दशकात मी पालमकडून शेतकी शिकायला परभणीत आलो. तेव्हाच्या वेधशाळेत जे निरीक्षक होते त्यांना आम्ही पोरं मामा म्हणायचो. मामांची शाळा निजामाच्या काळातली, उर्दू माध्यमाची. आकडे मराठीत लिहीत, पण बेरीज करताना ओठ हलायचे ते उर्दूत. मार्चमध्ये सुगी संपत आलेली, आभाळ धुतल्यासारखं निळं, आठवडेच्या आठवडे काही म्हणजे काही घडत नाही. अशा दिवसांत एका पोरानं बाहेर न जाता खोलीत बसूनच, कालच्यासारखेच आकडे भरू का, असं विचारलं. मामा म्हणाले, "भर की. मंग पुढच्या साली तुला कुनी इचारलं का मार्चमधी ऊन किती होतं, तर म्हन कालच्यासारखंच." आम्ही हसलो आणि तो मुकाट्यानं बाहेर गेला.

निवृत्तीनंतर जुने तक्ते चाळायचा नाद लागला तेव्हा त्या बोलण्यातली खोच कळू लागली. या जिल्ह्यात पाऊस मोजण्याचा इतिहास वेगळा आणि ऊन मोजण्याचा वेगळा. पाऊस मोजला महसुलानं. ऊन मोजायला कोणी नव्हतं, कारण उन्हावर सारा बसत नाही.

भारतीय हवामान खातं १८७५ साली सुरू झालं. हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख, मुक्काम कलकत्ता. त्याच्या पाठोपाठ १८७६ ते ७८ चा दुष्काळ आला आणि सरकारला हवामानाचं महत्त्व कळलं ते माणसं मेल्यावर. ब्लॅनफर्ड यांनी १८८२ पासून हिमालयातल्या वसंतातल्या बर्फावरून पुढच्या पावसाचा अंदाज बांधायला सुरुवात केली. जास्त बर्फ, कमी पाऊस, असा त्यांचा ठोकताळा. म्हणजे वसंत ऋतूकडं सरकारचं लक्ष होतं, पण तेही पावसापुरतंच.

आपण तर त्यातही निजामाच्या मुलखात. हैदराबादला १९०१ मध्ये नवाब जफर जंग यांनी निजामिया वेधशाळा काढली, १९०८ मध्ये ती निजाम सरकारकडं आली. तिचं नाव झालं ते ताऱ्यांमुळं. साऱ्या आकाशाची छायाचित्रं घेऊन ताऱ्यांची सूची करण्याच्या आंतरराष्ट्रीय कामात तिचा मोठा वाटा आहे. परभणीच्या काळ्या रानात मार्चमध्ये किती तापतं याची चौकशी करायला ताऱ्यांच्या माणसांना सवड कुठून असणार? ही उणीव मी त्यांच्या खाती जमा धरत नाही.

जिल्ह्यात होतं ते तहसिलीतलं पर्जन्यमापक. कचेरीच्या आवारात जमिनीत रोवलेलं पत्र्याचं भांडं, वर फनेल, आत बाटली. सकाळी कारकून जायचा, पाणी मोजनळीत ओतायचा, इंच आणि सेंट लिहायचा. शंभर सेंटचा एक इंच. या आकड्याला वजन होतं. पाऊस आणि आणेवारी यांवर साऱ्याची सूट ठरे, दुष्काळ जाहीर होई किंवा होत नसे. जून ते ऑक्टोबर कारकुनाच्या आकड्याकडं तहसीलदाराचं लक्ष, त्याच्याकडं वरच्यांचं. दिवाळी झाली की भांडं तसंच उभं. मी जे जुने तक्ते पाहिले त्यांत फाल्गुन-चैत्राच्या बाजूला कुठं आडवी रेघ, कुठं शून्य, कुठं नुसता कोरा रकाना.

या तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शून्य म्हणजे कोणीतरी गेलं, पाहिलं, पाणी नव्हतं. कोरा रकाना म्हणजे कोणी गेलंच नाही. रेघेचा अर्थ ओढणाऱ्यालाच ठाऊक, आणि तो कधीच गेला. चार थेंब पडले पण मोजण्याइतके नाहीत, यासाठी खात्याची वेगळी खूण आहे, इंग्रजी टी. नियम इतका काटेकोर, आणि मार्चमध्ये त्याची अंमलबजावणी कारकुनाच्या चपलेवर अवलंबून.

त्या तक्त्यांवरची तारीखही सरळ नसते. निजामाच्या राज्यात फसली साल चालायचं. आज़ूर महिन्यानं ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. मग दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, आणि आपला मार्च बव्हंशी अर्दिबेहिश्तमध्ये. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. मामांना हे तोंडपाठ होतं. "अर्दिबेहिश्तचं ऊन लै कोरडं," असं ते सहज म्हणून जायचे आणि नव्या पिढीतले आम्ही त्यांच्या तोंडाकडं बघत राहायचो. इंचाचे मिलिमीटर करायला २५.४ नं गुणलं की झालं, पण अर्दिबेहिश्तचा मार्च करताना पाच-सहा दिवस इकडचे तिकडं होतात. अवकाळी पावसाचा एखादाच दिवस असेल तर तो चुकीच्या महिन्यात जाऊन बसतो.

उन्हाचं दैव उघडलं ते कापसामुळं. निजाम सरकारनं १९१८ मध्ये परभणीला मुख्य प्रायोगिक शेत काढलं. शेतीशास्त्राचं शिक्षण तेव्हा हैदराबादलाच, पण संशोधन इथं, काळ्या मातीत. या भागातल्या गावरानी कापसाच्या लांब धाग्याला नाव होतं, नांदेडच्या गिरणीला तो हवा होता, मनमाड-हैदराबाद मीटरगेज रुळांवरून तो जात होता. कापूस, ज्वारी, फळं यांचे प्रयोग सुरू झाले की नुसता पाऊस पुरत नाही. दोन वाफ्यांत पाणी सारखं, खत सारखं, आणि उत्पन्न यंदा वेगळं, तर का? या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर थंडी, ऊन, वारा, जमिनीची ऊब सगळं लिहून ठेवावं लागतं. महसुलाला हा प्रश्न कधी पडला नव्हता.

देशपातळीवर हीच गोष्ट थोडी उशिरा झाली. १९२६ साली नेमलेल्या शेतीविषयक शाही आयोगानं १९२८ मध्ये अहवाल दिला, आणि पुढं १९३२ मध्ये पुण्यात हवामान खात्याचा कृषी विभाग उभा राहिला. खात्याचं मुख्यालय तेव्हा शिमल्याहून पुण्यात आलेलं होतं. शिवाजीनगरचा चौक आजही सिमला ऑफिस म्हणूनच ओळखला जातो आणि रोज त्यावरून जाणाऱ्यांना त्याचं काही वाटत नाही. या कृषी विभागाचे प्रमुख एल. ए. रामदास, सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी. त्यांनी त्याच सुमारास एक अजब गोष्ट दाखवून दिली. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री सगळ्यात गार हवा जमिनीला टेकून असायला हवी, पुस्तकं तसंच सांगत होती. रामदासांना ती जमिनीपासून वीतभर-हातभर उंचीवर सापडली. बाहेरचे शास्त्रज्ञ आधी मानायला तयार नव्हते. पुढं बऱ्याच वर्षांनी त्या थराला रामदास थर हे नाव रुळलं. माझ्या मते हा शोध आपल्या कोरड्या ऋतूचा आहे. ज्या रात्री वर्तमानपत्राला छापायला काही नसतं, तशाच रात्री कोणीतरी जमिनीलगत तापमापक लावून बसलं होतं.

मराठवाड्यातलं पहिलं शेतकी महाविद्यालय १९५६ मध्ये परभणीला हैदराबाद राज्यानंच काढलं, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ते राज्य विसर्जित होऊन आपण मुंबई राज्यात गेलो. मराठवाडा कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ चं. साल पाहिलंत? बहात्तर. विद्यापीठाचा पहिला पावसाळा तोच, जो आलाच नाही. शेतकरी खडी फोडायला गेला आणि इकडं नव्या विद्यापीठात रजिस्टरं उघडली गेली. २०१३ मध्ये विद्यापीठाला वसंतराव नाईकांचं नाव मिळालं. बहात्तरच्या दुष्काळात मुख्यमंत्री तेच होते.

आता मार्चमधली ती फेरी कशी असते ते सांगतो, कारण हे काम दुरून फार सोपं दिसतं.

आधी स्टीव्हन्सन स्क्रीन. झडपांची पांढरी पेटी, चार पायांवर, छातीच्या उंचीला, दार उत्तरेला. थॉमस स्टीव्हन्सन हे स्कॉटलंडचे दीपगृहं बांधणारे इंजिनिअर. त्यांचा मुलगा कादंबरीकार म्हणून जगप्रसिद्ध झाला आणि बापाची पेटी जगभर वेधशाळांच्या आवारांत उभी राहिली. ती येण्यापूर्वी आपल्या देशात तापमापकं गवती छपराच्या मांडवाखाली टांगत. मला ती पद्धत उगाच आवडते, पण छपराखालचा आकडा आणि पेटीतला आकडा एका माळेत ओवता येत नाही, हे खरं.

पेटीत चार तापमापकं. उभी दोन, कोरडं आणि ओलं. आडवी दोन, कमाल आणि किमान. कमालमध्ये पारा, आणि नळीला एक आकुंचन. पारा चढतो पण झटकल्याशिवाय उतरत नाही. किमानमध्ये अल्कोहोल आणि त्यात बुडालेली बारीक काडी, ती थंडीबरोबर मागं सरकते आणि तिथंच थांबते. दार उघडलं की आधी कोरडं-ओलं वाचायचं आणि तेही भराभर, नाहीतर आपल्या अंगाची ऊब आकड्यात उतरते. ओल्याच्या फुग्यावर मलमलीची टोपी आणि वात, वात शुद्ध पाण्याच्या कुपीत. मार्चच्या दुपारी खरी परीक्षा या वातीची. कोरडं ३७ दाखवतं, ओलं २०. सतरा अंशांचा फरक, म्हणजे हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आत. वात धुळीनं मळली किंवा कुपी आटली तर ओलं तापमापक हळूच वर सरकतं आणि हवा आहे त्याहून दमट असल्याची खोटी साक्ष देतं. उन्हाळ्यात मलमल लवकर बदला असं मामा सारखे बजावत. हा खर्च काही पैशांचा, पण तो वेळेवर व्हावा लागतो.

मग पॅन. चार फूट व्यासाचं, दहा इंच खोल, लाकडी चौकटीवर ठेवलेलं उघडं भांडं. त्यातलं पाणी रोज किती उडालं ते मोजायचं. आपल्या देशात त्यावर तारेची जाळी घालतात, कारण उन्हाळ्यात पाखरांना, माकडांना, कुत्र्यांना वेधशाळेतलं हेच भांडं दिसतं. मार्चमध्ये परभणीत रोज सहा-सात मिलिमीटर, तापलेल्या दिवशी आठही. ऐकायला किरकोळ. पण एक मिलिमीटर म्हणजे एकरावर चार हजार लिटरवर पाणी. सात मिलिमीटर म्हणजे एकरभर उघड्या पाण्यावरून दिवसाला अठ्ठावीस हजार लिटर, जवळजवळ तीन टँकर. गावतळं मार्चमध्ये का बसतं याचा निम्मा जबाब या पॅनमध्ये आहे. ऐंशी-नव्वद सेंटिमीटर पाऊस पडणाऱ्या गावांना उन्हाळ्यात टँकर का लागतो, हे पर्जन्यमापक एकटं कधीच सांगू शकलं नसतं.

आणि माझं लाडकं यंत्र, सूर्यप्रकाश नोंदवणारं. काचेचा भरीव गोळा, चार इंचांचा, त्याच्या मागं निळसर जाड कागदाची पट्टी. सूर्याचा किरण गोळ्यातून एकवटतो आणि पट्टी जाळत जातो. कॅम्पबेल आणि स्टोक्स या दोघांच्या नावानं ते ओळखलं जातं. पट्ट्या तीन जातींच्या: हिवाळ्याची आखूड वाकडी, उन्हाळ्याची लांब वाकडी, आणि दिवस-रात्र समान असण्याच्या सुमाराची सरळ. मार्चच्या आरंभापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत सरळ पट्टी लागते, कारण तेव्हा सूर्याची वाट गोळ्यामागं सरळ रेघेत उमटते. सूर्य मावळल्यावर पट्टी काढायची, मागं तारीख टाकायची, जळका भाग मोजायचा. निरभ्र मार्चमध्ये साडेनऊ-दहा तास सलग काळी रेघ. कोवळ्या उन्हाला कागद पेटत नाही, म्हणून दोन्ही टोकांना थोडा भाग कोराच राहतो. ढगाचा तुकडा आडवा गेला की रेघ तुटते. तहसिलीत जिथं कोरे रकाने होते, तिथं इथं सूर्यानं स्वतः सही केलेली आहे.

याशिवाय वाऱ्याच्या वाट्या, दिशादर्शक, पाच-दहा-वीस सेंटिमीटर खोलीची जमिनीतली तापमापकं. त्यांच्याबद्दल लिहायला बसलो तर कागद पुरणार नाही.

शेतकऱ्याचा हिशेब मात्र निराळा चालू होता आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. त्याचं वर्ष सूर्याच्या नक्षत्रांचं, तेरा-चौदा दिवसांचं एकेक. मार्चच्या मध्यानंतर उत्तराभाद्रपदा, मग रेवती, एप्रिलच्या मध्याला अश्विनी, असं करत मृगापर्यंत. होळीचा धूर कुठं वळला ते बघायचं, पाडव्याला पंचांग ऐकायचं, अक्षय्य तृतीयेला बुलढाण्याकडच्या भेंडवळची घटमांडणी काय म्हणते ते विचारायचं. हवामानशास्त्रानं वर्षाचे बावन्न आठवडे पाडले. १ जानेवारीपासून मोजायचे, शेवटचा आठ दिवसांचा. त्यांना आम्ही मेट वीक म्हणतो. बारावा मेट वीक १९ ते २५ मार्च. माझे वडील उत्तराभाद्रपदा म्हणत आणि मी बारावा आठवडा म्हणे. गहू पिकण्याचे दिवस दोघांच्याही हिशेबात आपापल्या जागी होते. फरक एवढाच की त्यांच्याकडं मागच्या सालचा आकडा नव्हता, आठवण होती. आणि आठवणीत साधे दिवस राहत नाहीत, गारपीट राहते.

गारपिटीचंच बघा. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यावर गारा पडल्या. काढणीला आलेली ज्वारी, गहू, फळबागा झोपल्या. लोक म्हणाले, आभाळ एकदम फाटलं. पण वसंतातलं आभाळ असं फाटण्याआधी वेधशाळेच्या पेटीत खुणा उमटायला लागतात. उत्तर-पश्चिमेचा कोरडा वारा मंदावतो, दिशादर्शक पूर्वेकडं-आग्नेयेकडं फिरतो, बंगालच्या उपसागराकडची ओल आत येते. ओलं तापमापक चढू लागतं, कोरड्या-ओल्यातलं अंतर कमी होतं, पहाट उबदार होते. हा बदल ओळखायचा तर आधीचे पंधरा दिवस रोज सतरा अंशांचा फरक लिहिलेला असावा लागतो. मधले दिवस कालच्यासारखेच म्हणून भरलेले असतील तर फिरलेला वारा ओळखणार कशावरून?

उष्म्याचंही तसंच. सपाट प्रदेशात कमाल तापमान ४० अंशांना पोचल्याशिवाय हवामान खातं उष्णतेची लाट म्हणत नाही. मार्चमध्ये ३८ अंश, सरासरीहून दोन-तीन अंश जास्त, ही लाट ठरत नाही, बातमीही होत नाही. गव्हाला मात्र त्याची झळ लागते. दाणा भरायचा वेळ आखडतो आणि दाणा चिमतो. २०२२ चा मार्च देशभराच्या सरासरी कमाल तापमानात १९०१ पासूनचा सर्वात उष्ण ठरला. हे वाक्य टीव्हीवर दोन सेकंदांत म्हणून होतं. त्याच्या मागं सव्वाशे वर्षांतल्या कुठल्या कुठल्या निरीक्षकांच्या शांत, रटाळ फेऱ्या आहेत.

वर्तमानपत्रात परभणी येते ती दोनदा, डिसेंबर-जानेवारीत गारठली की आणि मेमध्ये भाजली की. तेव्हाही गंमत अशी की शहरातल्या केंद्राचा आकडा एक आणि कृषी विद्यापीठाचा दुसरा. मोकळ्या रानातल्या वेधशाळेत थंडी जास्त उतरते, सिमेंटच्या गावात ती अडते. दोन्ही खरे. चहाच्या टपरीवर यावरून भांडणं होतात आणि मी त्यांत पडत नाही. मार्चमध्ये हे भांडणही नसतं. मंगळवारी आणि शुक्रवारी विद्यापीठाचा कृषी हवामान सल्ला निघतो, त्यात आकाश स्वच्छ राहील असं असतं, आणि लोक पुढचं वाचत नाहीत.

अलीकडं मात्र उन्हाला अचानक भाव आला, आणि तो पुन्हा महसुलाच्या वाटेनं आला याची मला मौज वाटते. २०१७ पासून राज्यात महावेध प्रकल्पाखाली महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रं बसली, दोन हजारांवर. कुंपणातला खांब, वर सौरपट्टी, दर दहा मिनिटांनी आकडा. हवामानावर आधारित फळपीक विम्यात मोसंबीच्या आंबिया बहाराला उन्हाळ्यात सलग काही दिवस ठरावीक तापमान ओलांडलं की भरपाई लागू होते. झालं! ज्या मार्च-एप्रिलच्या उन्हाला एके काळी रकाना नव्हता, त्याच्या अर्ध्या अंशावरून आता तालुक्याच्या कचेरीत आवाज चढतात. माझा एक भाचा जिंतूर तालुक्यात मोसंबी लावतो. त्याचा फोन येतो, "मामा, आमच्या मंडळात काल किती हुतं?" त्याची बाग एका अंगाला, केंद्र दुसऱ्या. बागेत पानं करपलेली, खांबावर अर्धा अंश कमी. त्याला मी एवढंच विचारतो की खांबाशेजारी झाड आहे का, पाण्याची टाकी आहे का, भिंत किती लांब आहे. तो जाऊन फोटो पाठवतो.

पाऱ्याची तापमापकं आता मागं पडत चालली. पाऱ्यावरच्या मिनामाता कराराला भारतानं २०१८ मध्ये मान्यता दिली, आणि नव्या जागी डिजिटल संवेदक येतात. माझी हरकत नाही. संवेदकाला रविवार नसतो. हरकत आहे ती एका हिशेबाची. हवामानात सरासरी म्हणायची तर सलग तीस वर्षांची लागते. २०१७ ला उभ्या राहिलेल्या खांबाकडं ती २०४७ च्या आधी येत नाही. तोवर भाच्याच्या मंडळातला मार्च नेहमीपेक्षा किती तापला हे ठरवायला परभणीच्या जुन्या रजिस्टरांकडंच यावं लागेल, आणि त्यातल्या बऱ्याच पानांचे कोपरे मी पाहिले तेव्हाच झडायला लागले होते. ती पानं कोणी स्कॅन करणार असेल तर अर्दिबेहिश्तचा मार्च करून द्यायला मी तयार आहे. तक्ता मामांनी मला लिहून दिलेला आहे.